लंडनचे साखरेचे गोदाम आणि वऱ्हाडातल्या रुईच्या गाठी

परतवाडा सोडले की घाट लागतो आणि सेमाडोहला पोचेपर्यंत दोन्ही बाजूंना सागच साग. सिपना नदीचे नावही कोरकू भाषेतल्या सागाच्या नावावरून पडले, असे इथले लोक सांगतात. सेमाडोहला व्याघ्र प्रकल्पाचे निसर्ग परिचय केंद्र आहे, शाळांच्या सहली तिथे येतात. आम्ही काही कार्यकर्ते गावोगावच्या मुलांना घेऊन दोन दिवसांच्या अभ्यास शिबिरासाठी गेलो होतो. वाटेत परतवाड्याला मुलांनी सागाच्या लठ्ठ्यांच्या थप्प्या पाहिल्या होत्या. प्रत्येक लठ्ठ्यावर आकडे घातलेले: क्रमांक, लांबी, गोलाई. रात्री जेवताना नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, त्याच्यावर तोडणाऱ्याचं नाव काऊन नसते?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. लाकडावर कुणी मजुराचे नाव घालते का? पण झोपायच्या वेळेपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. माल मोजला जातो, मापला जातो, त्याची पावती फाटते, तो गोदामात जातो. ज्याने तो तोडला, वेचला, वाहिला, त्याची नोंद मात्र मजुरी चुकती झाली की संपते. मग शंभर वर्षांनी त्याच गोदामाचे कुणी संग्रहालय केले तर त्यात काय दिसेल? माल दिसेल, मालकाचे तैलचित्र दिसेल, वजनकाटा दिसेल. माणूस कुठून आणणार?

हे नुसते कल्पनेतले बोलणे नाही. जगात अशी गोदामे आहेत ज्यांची संग्रहालये झाली, आणि त्यांतल्या काहींना या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले. त्यातले एक लंडनला आहे. त्याची गोष्ट आम्ही शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितली, तीच इथे जरा सविस्तर मांडतो. गोष्ट लंडनची असली तरी ती शेवटी अमरावती-खामगावच्या बाजारात येऊन पोचते.

भिंत कुणासाठी बांधली?

अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या थेम्स नदीत जहाजांची इतकी दाटी व्हायची की माल उतरायला आठवडे लागत. वेस्ट इंडीज म्हणजे कॅरिबियन बेटांवरून येणारी साखर, रम आणि कॉफी उघड्या होड्यांमधून किनाऱ्यावर यायची आणि वाटेत चोरीला जायची. बेटांवर मळे असणारे व्यापारी हैराण झाले. त्यांच्यात पुढे होता रॉबर्ट मिलिगन. जमैकात वाढलेला, तिथल्या मळ्यांचा मालक. या मंडळींनी सरकारकडे खटपट करून १७९९ साली कायदा करून घेतला आणि १८०२ साली 'वेस्ट इंडिया डॉक्स' ही गोदी सुरू झाली. वेस्ट इंडीजमधून लंडनला येणारा माल २१ वर्षे फक्त याच गोदीत उतरेल, असा मक्ताही मिळाला.

गोदीच्या उत्तर बाजूला विटांची नऊ गोदामे उभी राहिली. पाच-पाच मजले, एकाला लागून एक, जवळजवळ एक किलोमीटर लांब रांग. साखरेची भली मोठी लाकडी पिंपे आत रचलेली. भोवती सहा मीटर उंचीची भिंत, बाहेर खंदक, दारावर पहारा. का? चोरी होऊ नये म्हणून.

इथे आम्ही थांबलो, कारण मुलांच्या चेहऱ्यावर ते आलेच होते. ज्यांनी आफ्रिकेतून माणसे पळवून आणली, त्यांनी साखर चोरीला जाऊ नये म्हणून भिंत बांधली. मिलिगन १८०९ साली मेला तेव्हा त्याच्या जमैकातल्या मालमत्तेत ५२६ गुलाम माणसे होती. त्याच्या मृत्यूनंतर व्यापाऱ्यांनी त्याचा पुतळा उभारला, आणि तो पुतळा पुढे त्याच गोदामांसमोर उभा होता.

अटलांटिक महासागर ओलांडून गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन माणसांची संख्या अभ्यासक सुमारे सव्वा कोट धरतात. त्यातले सुमारे अठरा लाख वाटेतच मेले. उरलेल्यांपैकी फार मोठा हिस्सा उसाच्या मळ्यांवर गेला. लंडनच्या चहाच्या कपातली साखर ती हीच.

ब्रिटनने १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८३३ साली गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला. या कायद्याचे एक कलम आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे. सरकारने २ कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. गुलामांना नाही. मालकांना! त्यांची 'मालमत्ता' गेली म्हणून. गुलामांना एक पैसाही मिळाला नाही. उलट 'शिकाऊ' म्हणून आणखी काही वर्षे त्याच मालकाकडे राबावे लागले, ते १८३८ साली संपले. भरपाईसाठी काढलेले कर्ज ब्रिटनच्या करदात्यांनी फेडत फेडत २०१५ साली संपवले.

आणि साखर? ती थांबली नाही. १८३८ सालीच 'हेस्परस' आणि 'व्हिटबी' या दोन जहाजांतून हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर ब्रिटिश गयानाला नेले गेले. त्यांच्यात छोटा नागपूरचे आदिवासी होते. साहेब त्यांना 'डोंगरी कुली' म्हणत. कोरकू भाषा ज्या मुंडा कुळातली, त्याच कुळातल्या भाषा छोटा नागपुरात बोलल्या जातात. सेमाडोहच्या शिबिरात दोन कोरकू मुली होत्या. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला: "वापस आले का ते?" काही परत आले, अनेक जण तिथेच मेले, तिथेच राहिले. आज गयानात भारतीय वंशाचे जे लोक आहेत, त्यांच्या इतिहासाची सुरुवात त्या दोन जहाजांपासून होते.

गोदामाचे संग्रहालय कसे झाले

१९४० साली जर्मन बॉम्बहल्ल्यात नऊपैकी बहुतेक गोदामे गेली, दोनच उभी राहिली. पुढे मालवाहतूक मोठ्या कंटेनर जहाजांवर गेली, ती जहाजे या जुन्या गोदीत मावत नव्हती, आणि १९८० साली गोदी बंद झाली. आसपास काचेच्या उंच इमारती उठल्या, बँका आल्या. उरलेल्या गोदामांपैकी पहिल्या क्रमांकाच्या गोदामात २००३ साली संग्रहालय सुरू झाले. विषय होता लंडनचे बंदर: जहाजे, व्यापार, गोदी कामगार, युद्धातली पडझड.

ते चांगले संग्रहालय होते यात शंका नाही. गोदी कामगारांना त्यात जागा होती. रोज सकाळी फाटकासमोर उभे राहायचे, मुकादम बोट दाखवील त्याला त्या दिवशी काम, बाकीच्यांनी घरी जायचे. आपल्याकडच्या मजूर अड्ड्यावर सकाळी आठ वाजता जे दिसते तेच. १८८९ साली या कामगारांनी तासाला सहा पेन्स मिळावेत म्हणून मोठा संप केला आणि जिंकला. हे सगळे सांगायला संग्रहालयाला अडचण नव्हती. पण ज्या साखरेसाठी ही इमारत मुळात बांधली, ती साखर पिकवणाऱ्यांचे स्वतंत्र दालन उघडायला २००७ साल उजाडावे लागले.

ते दालन आपोआप आले नाही. व्यापारबंदीच्या कायद्याला दोनशे वर्षे होत होती आणि त्या निमित्ताने ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय समाजाने उघड विचारले की हा उत्सव कुणाचा? दयाळू गोऱ्या खासदारांचा, की स्वतः बंड करणाऱ्या गुलामांचा? त्या समाजातल्या लोकांशी सल्लामसलत करून हे दालन उभे राहिले. नाव दिले 'लंडन, साखर आणि गुलामगिरी'. तिथे एक यादी आहे. लंडनहून गुलामांच्या व्यापाराला निघालेल्या जहाजांची, त्यांच्या कप्तानांची, आणि किती माणसे भरली त्याची. नुसती यादी! पण ज्या भिंतीआड फक्त पिंपांचा हिशेब राहत होता, तिथे माणसांचा आकडा लागला.

मिलिगनचा पुतळा मात्र दारात तसाच होता. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्याचे पडसाद ब्रिटनमध्ये उमटले. ७ जूनला ब्रिस्टलमध्ये लोकांनी गुलामांच्या व्यापाऱ्याचा, कोल्स्टनचा पुतळा ओढून बंदरात टाकला. दोनच दिवसांनी, ९ जूनला, मिलिगनचा पुतळा क्रेनने उचलून नेला. म्हणजे आत गुलामांची यादी आणि बाहेर त्यांच्या मालकाचा पुतळा, अशी तेरा वर्षे गेली. संग्रहालय झाले म्हणजे प्रश्न सुटला असे नसते, हे यावरून दिसते.

आणखी एक गोष्ट आम्हाला यादीहूनही महत्त्वाची वाटते. १८३३ च्या कायद्यानंतर भरपाई मागणाऱ्या मालकांनी सरकारकडे अर्ज केले होते: माझे इतके गुलाम, अमुक मळ्यावर, मला इतके पैसे द्या. ते कागद सरकारी दप्तरात पडून होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या अभ्यासकांनी त्यातून मालकांची सूची तयार करून सर्वांसाठी खुली केली. आज कुठल्या घराण्याची श्रीमंती कशावर उभी आहे ते कुणीही शोधू शकतो. मालकाने स्वतःच्या हक्कासाठी लिहिलेला कागद त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभा राहिला. कागद जपला गेला म्हणून हे झाले. आणि कुणीतरी तो उघडला म्हणून.

उमरावतीचा कापूस

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या समाजाच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाबद्दल विचारले, हेही अनेकांना माहीत असते. पण फुल्यांनी ज्या युद्धाच्या फळाला नमस्कार केला, त्या युद्धाने वऱ्हाडचे शेत कसे बदलले, हे आपण क्वचित बोलतो.

इंग्लंडच्या कापड गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालत होत्या. तो कापूस लिव्हरपूल बंदरात उतरायचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे अडवली गेली आणि कापूस आटला. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड तर १८५३ सालीच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते. काळी जमीन, कापसाची जुनी पेठ. भाव भडकले. रेल्वे वऱ्हाडातून पुढे सरकली. मुख्य लाइनपासून खामगावला खास कापसासाठी फाटा काढला आणि १८७० साली तो सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा गेला. कापसाची सरकी काढणारे जिन आणि रुईच्या गाठी दाबणारे प्रेस गावोगाव उभे राहिले. पुढे १९०३ साली मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मग मूर्तिजापूर-अचलपूर ही छोटी लाइन झाली. आपली शकुंतला. आज तिच्याकडे लोक प्रेमाने पाहतात, गाणी करतात. ती मुळात रुईसाठी टाकलेली होती.

वऱ्हाडच्या कापसाला बाजारात नाव पडले 'उमरा'. उमरावती म्हणजे अमरावती, त्याचे साहेबी तोंडात झालेले रूप. मुंबईत आणि लिव्हरपूलला दलाल 'उमरा'चा भाव पुकारायचे. आपल्या जिल्ह्याचे नाव असे जगभर गेले, मालाची प्रत म्हणून.

त्या लिव्हरपूलमध्ये अल्बर्ट डॉक नावाची गोदी आहे. १८४६ साली सुरू झालेली, वीट आणि लोखंडाची गोदामे, त्यांत कापूस, चहा, तंबाखू, साखर राहत असे. १९७२ साली ती बंद झाली. तिथल्या गोदामात सागरी संग्रहालय आले, १९९४ साली त्यात गुलामगिरीचे दालन झाले आणि २३ ऑगस्ट २००७ रोजी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय उघडले. तारीख मुद्दाम निवडली होती. १७९१ च्या ऑगस्टमध्ये हैतीच्या गुलामांनी उठाव केला, त्याची आठवण. स्वातंत्र्य दिले गेले नाही, घेतले गेले, हे त्या तारखेतच सांगितलेले आहे. महाडच्या तळ्यावर २० मार्चला जमणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आता वऱ्हाडात या. युद्ध १८६५ साली संपले, भाव कोसळले, पण कापूस शेतात कायमचा राहिला. जिथे ज्वारी होती तिथे कापूस आला. पूर्वी गावात पेव असायचे, जमिनीत खोल खणलेले ज्वारीचे कोठार. एक-दोन वर्षे पाऊस गेला तरी पेवातल्या दाण्यावर गाव तगायचे. कापसाच्या पैशावर धान्य विकत घ्यायची सवय लागली, पेवे ओस पडली. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले तेव्हा वऱ्हाडातली माणसे मेली ती रेल्वेलाइनच्या कडेला. गाठी बंदराला जात राहिल्या. दुष्काळात पहिली मेली ती ज्यांच्याकडे जमीन नव्हती आणि बलुत्याचे दाणे थांबले होते ती. महार, मांग, कोरकू, गोंड. गोदाम भरलेले आणि पेव रिकामे, असा तो काळ होता. वऱ्हाडात कधी कापसाचे संग्रहालय झाले, तर त्याच्या दाराशी आधी एक रिकामे पेव दाखवा, असे आमचे म्हणणे आहे.

जिन-प्रेसमध्ये राबणारे कोण होते? आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. हंगामी काम, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. बायका जिनाच्या यंत्राला कापूस घालायच्या, रुईचा कोंडा नाकातोंडात जायचा. पुरुष गाठी वाहायचे. त्यात आपल्या वस्तीतले लोक किती होते, ते शोधायला कुठल्या विद्यापीठात जावे लागत नाही. एकेका मोहल्ल्यात अजून 'जिनात होतो' म्हणणारे सापडतात.

आणि जातीने इथेही आपली रेघ मारलेली होती. अस्पृश्याने वेचलेला, वाहिलेला कापूस सगळ्यांना चालत होता. पण मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याच्या उष्ट्याने बाट होतो. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. त्याच्या थोडे आधी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, ते अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या परिषदेचे अध्यक्ष होते. उमराचा भाव जगाला माहीत असलेल्या शहरात, त्या शहराची संपत्ती वाहणाऱ्यांना देवळाच्या पायरीवर जागा नव्हती.

गुलामगिरी आणि अस्पृश्यता एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनी स्वतः दोन्हींची तुलना केली आणि अस्पृश्यता अधिक वाईट ठरवली. गुलाम मेला तर मालकाचे नुकसान होते, म्हणून निदान त्याला खायला तरी मिळे. अस्पृश्य मेला तर कुणाचेच नुकसान नव्हते. या तुलनेतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती आमच्या विषयाशी जोडलेली आहे. गुलाम ही मालमत्ता असल्याने त्यांची नोंद झाली. जहाजाच्या वहीत, मळ्याच्या वहीत, भरपाईच्या अर्जात. आपल्या आज्या-पणज्यांची तशीसुद्धा नोंद नाही. म्हणून आपले काम लंडनपेक्षा अवघड आहे.

आपल्याकडची कोठारे

महाराष्ट्रातही साठवणुकीच्या जुन्या जागेचे संग्रहालय झाले आहे. मुंबईच्या मलबार हिलवर राजभवनाच्या खाली इंग्रजांच्या काळातले एक भुयार २०१६ साली सापडले. तेरा खोल्या, काहींवर तोफगोळ्यांचे कोठार, काडतुसांचे कोठार अशी नावे लिहिलेली. २०१९ साली राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे संग्रहालय म्हणून उद्घाटन झाले आणि २०२२ साली तिथे क्रांतिकारकांचे 'क्रांतिगाथा' दालन उघडले. लोकांनी ते जरूर पाहावे. पाहताना एवढेच मनात ठेवावे की ते तोफगोळे डोक्या-खांद्यावरून खाली कुणी नेले असतील.

पण कोठारात पडून राहिलेल्या ठेव्याची खरी गोष्ट आपल्याला माहीत आहे ती बाबासाहेबांच्या कागदांची. १९५६ साली त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा दिल्लीत २६ अलीपूर रोडच्या बंगल्यात हस्तलिखितांचे ढीग होते. १९६७ साली खोल्या रिकाम्या करताना त्यातले काही कागद उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजून गेले, असे त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. उरलेले कागद आधी दिल्लीच्या न्यायालयाच्या ताब्यात आणि मग महाराष्ट्राच्या महाप्रशासकांकडे गेले. लोखंडी ट्रंकांमध्ये, कुलपात. वर्षानुवर्षे.

हे कुलूप कुणी हलवले? नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दावा लावला. मागणी साधी होती. हे लेखन मला छापू द्या, नाहीतर सरकारने छापावे. दावा बरीच वर्षे चालला. दरम्यान १९७६ साली राज्य सरकारने चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली, पुढे वसंत मून तिचे विशेष कार्याधिकारी झाले आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड निघाला. कुलपातल्या ट्रंका मात्र समितीच्या हाती यायला १९८१ साल लागले. त्या कागदांमधून जे बाहेर आले त्यातच 'रिडल्स इन हिंदुइझम' होते. १९८७ साली ते छापले गेले तेव्हा काय गदारोळ झाला आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत केवढा मोर्चा निघाला, ते आपल्या आई-वडिलांनी पाहिलेले आहे. आता विचार करा, बनसोड वकिलांनी कज्जा केला नसता तर?

त्यानंतरही गोदाम आपला पिच्छा सोडत नाही. २०२१ साली वर्तमानपत्रात बातमी आली की बाबासाहेबांचे खंड छापण्यासाठी घेतलेला कोट्यवधी रुपयांचा कागद गोदामात तसाच पडून आहे आणि वाचक खंडांसाठी ताटकळत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर रांगा लावून पुस्तके घेणारा समाज, आणि पुस्तकांचा कागद गोदामात!

याच्या उलट उदाहरण नागपूरजवळच्या चिचोलीचे. १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या व्यवस्थेत ज्यांनी रात्रंदिवस काम केले त्या वामनराव गोडबोले यांनी रत्तूंकडून बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू मिळवल्या आणि चिचोलीच्या शांतिवनात जपल्या. टाइपरायटर, कोट, टोप्या, भांडी. कपडे जुने होऊन विरू लागले तेव्हा संवर्धन प्रयोगशाळेकडून त्यांच्यावर रासायनिक प्रक्रिया करून घेतली गेली. मोठी इमारत, मोठा निधी या गोष्टी नंतरच्या. आधी एका माणसाने ठरवले की हे जाऊ द्यायचे नाही.

मग सेमाडोहला काय ठरले

वऱ्हाडात आज तालुक्याच्या गावी गेलात तर बंद पडलेल्या जिनाचे आवार कुठे ना कुठे दिसते. पत्रे उडालेले, धुराडे उभे, आत बाभळी. एक-एक करून प्लॉट पडतात. इमारत वाचवणे आपल्या हातात फारसे नसते आणि 'सरकारने संग्रहालय करावे' अशी निवेदने देण्यात आपली शक्ती बरीच जाते. निवेदन द्यायला हरकत नाही. पण इमारत वाचली आणि माणसे विसरली गेली, तर त्या संग्रहालयात वजनकाटा आणि शेठजींचा फोटोच लागेल. मेळघाटातही तसेच आहे. बोरी, कोहा, कुंड ही गावे व्याघ्र प्रकल्पातून उठून बाहेर आली, त्याला वीस वर्षे झाली. तिथे जन्मलेली आणि तिथली झाडे नावाने ओळखणारी माणसे म्हातारी होत चालली आहेत.

म्हणून शिबिरात आम्ही यादीपासून सुरुवात करायचे ठरवले. लंडनच्या गोदामातही मोठे काम यादीनेच केले. प्रत्येक गावच्या मुलांनी दोनशे पानी वही घ्यायची. आपल्या वस्तीतल्या साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाकडे जायचे. कुठल्या जिनात, कुठल्या लाकूडतोडीवर, कुठल्या हमालीवर होता ते विचारायचे. किती साली, मुकादम कुठल्या जातीचा, मजुरी किती, पाणी कुठे प्यायचात, बाळंतीण बाईला सुटी मिळायची का. घरात हजेरीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, गाठी ओढायचा हूक असेल तर त्याचा फोटो काढायचा, वस्तू त्यांच्याच घरी राहू द्यायची. आवाज मोबाइलवर टिपायचा, पण परवानगी विचारून. आणि मुलाखत बौद्धांचीच घ्यायची असे नाही. मांग, कोरकू, मुसलमान हमाल, कुणबी मजूर, जो राबला तो यादीत.

यावर एका कार्यकर्त्याने आक्षेप घेतला. म्हणाला, आमच्या बापजाद्यांच्या हमालीच्या आठवणी कशाला उकरायच्या, आम्ही धम्म घेतला तो त्यातून बाहेर पडायला. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ज्या कामाने पाठ मोडली त्याचे प्रदर्शन मांडणे कुणालाही नको वाटेल, आणि लंडनमधल्या कृष्णवर्णीय कुटुंबांतही हा वाद झालेला असणार. आमचे उत्तर इतकेच की ती हमाली आपल्या घरच्यांनी लपवली तरी ज्यांनी करून घेतली त्यांच्या वाड्यांवर ती दिसतेच आहे, फक्त आपल्या नावाने नाही. तो कार्यकर्ता पूर्ण पटला असे म्हणता येणार नाही. पण त्याने वही घेतली.

लठ्ठ्यावरच्या नावाचा प्रश्न विचारणारा मुलगा महिन्याभराने भेटला. त्याच्या वहीत सात नावे झाली होती. पहिले त्याच्या आजीचे. ती अचलपूरकडच्या एका जिनात चौदा हंगाम होती, हे त्याला आतापर्यंत माहीतच नव्हते. पाणी कुठे प्यायचात या प्रश्नापुढे त्याने लिहिले आहे: "घरून मडकं न्यायचो. ते वेगळं ठेवाचं."